गोळ्यांशिवाय बरी
लघवीच्या जळजळीने बेजार झालेल्या धाकट्या बहिणीला थोरलीने विकायला आणलेलं सुगंधी तेल दिलं. "डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव आणि सोबत हे ओटीपोटावर चोळ." दोन दिवसांत जळजळ थांबली, तशी धाकटीने गोळ्या सोडून दिल्या. थोरलीने रागवायचं सोडून 'गोळ्यांशिवाय बरी झाली' असं सगळ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने कळवलं. पाचव्या दिवशी धाकटी शिलाई कारखान्यात हुडहुडी भरून मशीनवरच कोसळली. "संसर्ग मूत्रपिंडातून रक्तात गेलाय," अतिदक्षता विभागातले डॉक्टर म्हणाले. "गोळ्या अर्ध्यावर सोडायला कुणी सांगितलं?" आत धाकटी बहिणीलाही ओळखत नव्हती. थोरली बाहेर धावली. जिन्यातच बसून तिने यादीतल्या, अशीच जळजळ असलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "काकू, तेल चालू द्या, पण गोळ्या सोडू नका!" पलीकडे काकू हसल्या. "अगं, त्या परवाच फेकल्या. आता नुसती थंडी वाजतेय बघ."