तिसरं कडवं

"तुझी गिटार माझ्या शब्दांच्या छाताडावर बसलीय," लामॉन्ट म्हणाला.

"आणि तुझी बडबड माझ्या गिटारीच्या," बेतो म्हणाला.

वर्नेल मामा मागच्या सीटवर, मासे धरायच्या गळांना जागा देऊन, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. गाडी त्यांची, भाचा लामॉन्ट त्यांचा, आणि गेले तीन आठवडे भांडणही त्यांच्याच दारात. फोंटाना गावातली पोरं गाणं रेकॉर्ड केलं की आधी गाडीत वाजवून बघत, कारण ऐकणारे ऐकणार गाडीतच. आणि मामांच्या जुन्या ओल्ड्समोबिल गाडीतल्याइतके दांडगे स्पीकर अख्ख्या गल्लीत नव्हते. मागच्या मंगळवारी त्यांच्या दणक्यानं शेजारणीच्या झाडाची हिरवी लिंबं गळून पडली. मामा चौदा सांगत. शेजारीण चाळीस सांगे.

"अडीच वाजले," मामा म्हणाले. "रेडिओवाल्या बाईनं चारपर्यंत कॅसेट मागितलीय. नाही पोचली तर सोमवारपासून लामॉन्ट, तू परत गोदामात खोकी उचल, आणि बेतो, तू टायर बदल. गिटार वाढवायची का शब्द, ते एकदाचं ठरवा."

"शब्द," लामॉन्ट म्हणाला.

"गिटार," बेतो म्हणाला.

गॅरेजातल्या मशीनवर हवं ते वाढवून नवी कॅसेट काढायला दहा मिनिटं पुरली असती. ठरवायला तीन आठवडे पुरले नव्हते. गाणंच तसं होतं. एकीकडे पत्रा करवतीनं कापावा तशी बेतोची हेवी मेटल गिटार, दुसरीकडे लामॉन्टचं रॅप. कुणीच दुसऱ्याच्या खाली राहायला तयार नाही, म्हणून गिटार डाव्या स्पीकरला दिली होती आणि शब्द उजव्या. बेतो डावीकडे स्टिअरिंगपाशी बसे, लामॉन्ट उजवीकडे. आपापल्या कानाशी आपापला स्पीकर असूनही दोघांना स्वतःचं कमीच ऐकू यायचं. पुढं ह्याच गाण्यानं एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गाड्यांच्या काचा खिळखिळ्या केल्या. पण त्या दुपारी ते एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जाईना.

"उतरा," मामा म्हणाले. "जागा बदला."

"मामा, मला गाडी कुठं येते?" लामॉन्ट म्हणाला.

"चालवायला कोण सांगतंय? नुसता बस. जमलं तर तोंड मिटून."

बसले. कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. दोन कडवी गेली. तिसऱ्यात लामॉन्टनं मान वळवली.

"इथं तू थांबतोस?"

"कुठं?"

"प्रत्येक ओळीच्या शेवटी. एक ठोका."

"तुला दम लागतो," बेतो म्हणाला. "तिसऱ्या कडव्यात दरवेळी लागतो. मग काय, तुझ्या धापेवर वाजवू?"

लामॉन्टनं कान गिटारीच्या स्पीकरला लावला. शब्दांवर पोट भरायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. पण बेतोचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं कॅसेट मागं घेतली, ऐकली, पुन्हा मागं घेतली.

"हा कोण?"

"कोण?"

"कारखान्याचं फाटक कायमचं बंद होतं, आणि हा जेवणाचा डबा उलटा करून त्यावर बसतो. अंधार पडेस्तोवर उठत नाही."

"तुझा बाप," लामॉन्ट म्हणाला. "मामानं सांगितलं. मामाही त्याच कारखान्यात, त्या दिवशी शेजारीच होता."

"हे कधी घातलंस?"

"पहिल्या दिवसापासून आहे."

बेतोच्या घरी त्या दिवसाचा विषय निघाला की बाप उठून बाहेर जाई. आठ वर्षं जात होता. बेतोनं कॅसेट काढली आणि मुठीत धरली.

"आधी बाबांना ऐकवायचं. ते नको म्हणाले, तर हे रेडिओवर जाणार नाही."

लामॉन्टनं तोंड उघडलं. मागून मामांचा हात त्याच्या खांद्यावर पडला, आणि ते मिटलं. लामॉन्ट मधे सरकला, स्टिअरिंगपाशी मामा येऊन बसले. कुणाचं वाढवायचं, हे आता कुणी विचारलं नाही.

बेतोचे वडील, गल्ली ज्यांना आदरानं डॉन एफ्राइन म्हणे, ओट्यावर बसून भाजीसाठी निवडुंगाच्या फड्यांचे काटे सुरीनं तासत होते. मामांनी गाडी फाटकाशी लावली, काचा खाली केल्या. मुलाच्या गिटारीला एकदा घराबाहेर काढणारा हा माणूस. पहिल्या दणक्याला त्यानं वरही बघितलं नाही. तिसऱ्या कडव्याला सुरी थांबली. कडवं संपलं, गाणं संपलं, कॅसेट खट्‌ करून थांबली, तरी सुरी हलली नाही.

मग ते उठले. गुडघा धरत फाटकापर्यंत आले आणि खिडकीतून आत वाकले. बेतो आपल्या बुटांकडे बघत होता. ते त्याच्याशी बोललेच नाहीत.

"हे तू लिहिलंस?"

"हो, डॉन एफ्राइन," लामॉन्ट म्हणाला.

"मी बसलो नव्हतो. उभा होतो. दिवसभर."

त्यांनी खिडकीवरचा हात काढला.

"बाकी बरोबर आहे," म्हातारा म्हणाला आणि ओट्याकडे परत गेला.

साडेतीन वाजायला आले होते. मामांनी गाडी रेडिओ स्टेशनकडे काढली. कोपरा मागं पडला.

"बसला होता," मामा म्हणाले.

पुढच्या सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला. "सगळेच बसलो होतो."