माळ्यावरचा आवाज

भातशेतातल्या राखणीच्या माळ्यावर टांगलेला जुना फोन रात्रभर झिलूच्या आवाजात ओरडायचा आणि झिलू घरात निवांत घोरायचा. रामनगरच्या दुकानदारानं कुठलंसं ॲप घालून दिलं होतं, दर दहा मिनिटांनी "हुर्रर्र हो!" झालं की रानडुकरं पसार. मग लेकीनं, रक्षितानं, बेळगावात तो देऊन बदल्यात भारीतला फोन आणला. त्यात कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरचं ॲपच बसेना. आठ रात्री झिलू स्वतः माळ्यावर बसून ओरडला. आज सकाळी बांधावर रक्षिता पुन्हा समजावू लागली, "बाबा, बाहेरचं ॲप घेत न्हाई म्हणूनच ह्या फोनात कुणी चोर शिरायचा न्हाई." झिलूनं डुकरांनी लोळवलेलं भात बोटानं दाखवलं. ती वरमली. "दुसरं ॲप शोधते. तुमी परत आवाज भरा." तिनं फोन तोंडाशी धरला. झिलूनं छाती भरून श्वास घेतला. घशातून नुसती हवा आली. बडवायला रिकामा डबा त्यानं खुणेनंच मागितला.