बावन्नचा वेग

"ताई, सेन्सर स्वच्छ आहे," शेजारच्या सीटवरून मेकॅनिक म्हणाला. "पुढे गाडी असली, तरच ही आपणहून वेग कमी करते."

"मग आता का केला?"

ढगाळ दुपार होती आणि समोरचा रस्ता मोकळा होता. तिने नव्वदचा वेग लावला होता, पण काटा बावन्नवर आला होता. ॲक्सिलरेटर दाबूनही तो हलेना. डॅशबोर्डच्या पडद्यावर मात्र पुढे एक छोटी गाडी दिसत होती.

हॉस्पिटलमधून फोन आला, त्या दिवशीही असंच झालं होतं. ती वीस मिनिटं उशिरा पोचली. बाबा एकटेच गेले. "तुला कधी वेळेवर यायला जमलंय?" भाऊ सगळ्यांदेखत बोलला. दोष गाडीचा होता, हे आज तिला लेखी हवं होतं.

"पण बावन्नच का?" मेकॅनिक पुटपुटला.

बाबांनी जन्मभर बावन्नच्या वर गाडी नेली नव्हती. मागच्यांनी कितीही हॉर्न मारले तरी म्हणायचे, "पोचायचंय, उडायचं नाही."

तिने हॉर्न दाबून धरला. "बाबा, त्या दिवशी तरी बाजूला व्हायचं होतंत!"

पडद्यावरच्या गाडीचे मागचे दिवे लागले. समोरच्या काचेतून लाल उजेड आत आला आणि मेकॅनिकच्या शर्टावर पडला.