टाका नसलेलं खेळणं

रावसाहेबांनी छातीवरचं आणखी एक पीस उपटलं आणि पिंजऱ्याच्या गजांमधून खाली टाकलं. नागोजीरावांनी ते उचलून खिडकीत ठेवलं. सकाळपासूनचं हे अकरावं.

"आता आणखी काय करू रे तुझ्यासाठी, मेल्या?" ते ओरडले.

पिवळ्या तुऱ्याच्या त्या कॉकटील पक्ष्याचं रावसाहेब हे नाव नातीनं, संयोगितानं ठेवलं होतं. ती शिकायला म्हैसूरला हॉस्टेलवर गेली आणि पाखरू इथे चामराजपेटेत आजी-आजोबांच्या गळ्यात पडलं. महिनाभरात त्यानं स्वतःला सोलायला घेतलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग काही नाही, रिकामं बसून कंटाळलंय, चोचीला काम द्या. संयोगितानं फोनवर आजोबांना ठणकावलं, "ताता, रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर मी त्याला येलहंकाला मैत्रिणीकडे सोडणार. तिच्याकडे चार आहेत." नागोजीराव "सरी, ठीक आहे" म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला एका पाखराचं खेळणं जमू नये? दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं, पण मशीन पुढच्या खोलीत होतं आणि हात शाबूत होते. त्यांनी एकदा कोट शिवला की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवायचं ते थेट मुलाच्या लग्नाचा कोट शिवायला. टाका उसवला तर मिशी उतरवीन, असं ते छातीठोकपणे सांगायचे. हल्ली मात्र ते दिवसभर दारात बसून त्याच मिशीचा एकेक केस उपटत, आणि पत्नी राजलक्ष्मी येता-जाता त्यांच्या हातावर चापट मारत.

पहिल्यांदा त्यांनी चिंध्यांचा चेंडू केला. "सुटे धागे नकोत, पायात गुंडाळले तर बोट जातं!" संयोगिता व्हिडिओ कॉलवर किंचाळली. त्यांनी चेंडू दुहेरी शिलाईनं बंद केला. मार्केटातून घुंगरू आणलं. "त्याच्या फटीत नख अडकेल, ताता!" रंगीत मणी आणले, तर रंग पोटात जाईल. आरसा टांगला, तर रावसाहेब दिवसभर आतल्या पाखराशी भांडत बसले. मग जाड कॅनव्हासचा झोपाळा झाला, शिडी झाली. प्रत्येक कड आत दुमडलेली, एक धागा बाहेर दिसेल तर शपथ. आता संयोगितालाही नाव ठेवायला जागा उरली नाही. रावसाहेबांनी शिडीवर दोनदा चोच मारली आणि पुन्हा स्वतःची छाती धरली.

शनिवारी दुपारी नागोजीरावांनी इरेला पेटून सातवं खेळणं काढलं. टेबलावर खाकी कागद पसरला, तासभर मापं घेऊन छोट्या तंबूचा फर्मा कापला. रावसाहेबांना पिंजऱ्याबाहेर सोडलं होतं. ते टेबलावर उतरले, ऐटीत चालत आले आणि फर्म्याची कड चोचीत धरून त्यांनी ती चर्रकन फाडली.

"अरे, अरे! तासभर खपलोय मी त्यावर!" नागोजीरावांनी टेबलावर हात आपटला. रावसाहेब उडाले ते कागदाचा तुकडा घेऊनच. कपाटावर बसून त्यांनी त्याच्या चिंधड्या केल्या आणि दुसऱ्या तुकड्यासाठी परत आले. नागोजीरावांच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "जाऊ दे त्याला येलहंकाला! माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

राजलक्ष्मी जमिनीवर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. "स्वल्प शांत व्हा की," त्या म्हणाल्या. "एवढी खेळणी शिवलीत. त्याला एक तरी धागा उसवता आला का?"

"माझा टाका कधी उसवलाय?"

"तेच म्हणते मी."

नागोजीरावांनी मान वळवून पाखराकडे पाहिलं. फर्र, फर्र आवाज चाललाच होता. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, गेल्या अर्ध्या तासात एकही पीस पडलं नव्हतं. त्यांनी कात्री उचलली. खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या, दुमडल्या, त्यांची झालर केली आणि गजांमध्ये नुसती खोचून दिली. ना दोरा, ना गाठ. असलं कच्चं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

रविवारी संयोगिता प्रवासाचा छोटा पिंजरा घेऊनच आली. खोलीभर खाकी कचरा पडला होता. तिनं वाकून तो चाळून पाहिला. पीस एकही नव्हतं. रावसाहेब नव्या झालरीवर तुटून पडले होते, आणि मशीनच्या टेबलावर आजोबा आणखी एक कापत होते. त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती.

छोटा पिंजरा तिनं कोपऱ्यात सरकवला. मग झालरीकडे बोट दाखवून हसली. "ताता, हे तर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही."

"टिकलं," नागोजीराव म्हणाले, "तर उद्या मी काय करू ग?"