म्हणणारं कुणी नव्हतं

"म्हणणारा एक, मंत्र दुसरा. झाले की नाही दोन? मग या दोघांच्या गर्दीत तो एक भेटायचा कसा?"

बाबांचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात होता. ते तत्त्वज्ञान शिकवायचे. जेवतानाही वर्ग भरायचा. आई नुसती हसायची, भांडी विसळत राहायची. ओठ हलायचे नाहीत तिचे, पण आत जप चालू आहे हे लेकीला दिसायचं. आई गेल्यावर बाबांच्या वादाला आणखीच धार आली. घरात जपाचं नाव काढायची सोय उरली नाही.

आत्ता, ऑपरेशनच्या टेबलावर, कवटी उघडी असताना, तिला तोच आवाज ऐकू येत होता.

"झोपायचं नाही हं," पडद्यामागून सर्जन म्हणाले. "बोलत राहा. तुम्ही थांबलात की माझा हात थांबेल."

मेंदूतली गाठ नेमकी वाचेच्या जागेला चिकटली होती. ती दुभाषी होती. दोन माणसांच्या मध्ये बसायचं, याचं त्याला सांगायचं, त्याचं याला. एवढंच तिला येत होतं. वाचा गेली तर मागे काय उरणार, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

वाचातज्ज्ञ बाई एकेक चित्र तिच्यासमोर धरत होत्या.

"किल्ली."

"छान. आणि हे?"

"छत्री. कुणी काढलीय हो? वटवाघूळ दिसतंय."

सगळे हसले. पुढचं चित्र आलं.

ते काय आहे, तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं कापतात. त्यात बोटं घालतात. पण शब्द येईना. तिनं जोर लावला. जेवढं ओढावं, तेवढा तो खोल चालला, दोर तुटलेल्या घागरीसारखा.

"सांगा ना, हे काय आहे?"

तोंडातून नुसता वारा आला. पडद्यामागचा हात थबकला. खोलीत यंत्राची टिकटिक तेवढी उरली. तिनं आणखी ओढलं. आता स्वतःचं नावही येईना.

मग तिचं ओढणं थांबलं. तिनं थांबवलं असंही नाही, हातातून सुटलं.

आणि आत काहीतरी चाललेलं तिला कळलं. आईनं वेणी घालता घालता कानात सांगितलेलं, बाबांपासून लपवून ठेवलेलं. ते कुणी म्हणत नव्हतं. म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. ते आपलं चालू होतं, पाण्यात पाणी मिसळावं तसं. भीती कुठे गेली म्हणून बघावं, तर बघणारंही कुणी नव्हतं.

"कात्री," तिच्या तोंडून आलं.

"सापडली जागा," सर्जन म्हणाले. "तिथे आता हात लावत नाही."

संध्याकाळी बाबा आत आले. खाटेशी उभे राहिले, बसायचं विसरून.

"बोल ना काहीतरी."

"कुठल्या भाषेत बोलू?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. ती म्हणाली, "बाबा, मध्येच माझी वाचा गेली होती. सगळे शब्द गेले. पण आईचा मंत्र चालूच होता. मी म्हणत नव्हते. दोन नव्हते हो बाबा तिथे."

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते खोडून काढणारे बाबा आज चष्म्याची एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

"तुझी आई गेली ना, त्या दुपारी मी तिला म्हणालो होतो," ते काचेकडे बघत म्हणाले. "बास कर तो जप, जरा माझ्याशी बोल. तर म्हणाली, अहो, मी कधीच सोडलाय, तोच सोडत नाही."

त्यांनी चष्मा घातला. पुन्हा काढला.

"मला वाटलं, मला टाळतेय."