टाकीमागचा खोकला

जिंकले असते तर अमृतला नाव मिळणार होतं, बाकीच्या दोघांना मिरवायला निमित्त मिळणार होतं आणि बिरदेवला मिळणार होती हवा. चौघांत सगळ्यात स्वस्त मागणं त्याचंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुताची धूळ छातीत बसलीय, मागावरून ऊठ. बाप मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरांमागं मोकळ्या वाऱ्यात हिंडतो आणि पोरगा अक्कलकोट रोडला पत्र्याखाली चादरी विणत खोकतो. जिंकणाऱ्या संघाला पुण्याची एक कंपनी ठेवून घेणार होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, दिवसभर मोबाइलवरचा खेळ. धूळ नाही.

खेळ तसा सोपा. शंभर जण छत्रीनं बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात, शेवटी उरेल तो संघ जिंकला. गेल्या वर्षी त्यात मोठं अपडेट आलं. माइकवर बोललात की जवळ लपलेल्या शत्रूलाही ते ऐकू जाऊ लागलं. भल्याभल्या संघांची बोबडी वळली. ह्या चौघांना मात्र घबाड लागलं. चौघंही मागावरचे, त्या खडखडाटात तोंडानं बोलतो कोण? बोटं हलवायची, ओठ वाचायचे. चौघं एका खोलीत बसून खुणांवर खेळायचे. माइक बंद, आणि कानात फक्त पावलांचे आवाज. माणसांचे आवाज त्यांनी सेटिंगमधूनच बंद करून टाकले होते. परक्यांच्या शिव्या फुकट कशाला ऐका? असे मुक्यानं जिंकत जिंकत ते फायनलला पोचले.

त्या दिवशी म्होरक्या अमृत, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून, तिघांकडं पाठ करून बसला. खुणा डोक्यावर हात उचलून करत होता. त्याच्या बहिणीनं, पिंकीनं, समोरच्या स्टुलावर मोबाइल टेकवून व्हिडिओ लावून ठेवला होता. शेवटची झुंज होती. खेळातला बिरदेव पाण्याच्या टाकीमागं दबा धरून होता. शत्रू सरळ तिथंच आले, आवतण मिळाल्यागत. बिरदेव गेला, मग बाकीचेही गेले.

अमृतनं बिरदेवच्या हातातला मोबाइल घेतला, उलटसुलट बघितला आणि मान हलवली.

"माइक चालूच की रं तुजा. खोकलास तू. ऐकलं त्यांनी."

बिरदेव खोकला होताच. खोकल्याशिवाय त्याची घटका जात नाही. त्यानं लगेच मान्य केलं. गरीब स्वभावाच्या माणसाच्या पदरात दोष घातला, तर तो पावती मागत नाही.

त्यानं खेळ सोडला. महिन्याभरात जिंकलेल्या संघातला एक जण गळला आणि त्यांनी अमृतला बोलावून घेतलं. त्याचा खेळ डोळ्यांत भरला म्हणे. बिरदेव त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेला. स्वतः विणलेली चादर खिडकीतून आत दिली, खाली बघत काहीतरी बोलला. अमृतनं मोठ्या मनानं त्याचा खांदा थोपटला.

आज अपडेटला वर्ष झालं आणि अमृतनं स्टेटस ठेवलं. 'ह्याच अपडेटनं आयुष्य बदललं.' खाली फायनलचा तो व्हिडिओ, पिंकीनं काढलेला. मूळ आवाज काढून वर ढोलाचं गाणं चढवलेलं. पोरगा हुशार, काढायचं ते बरोबर काढलं. पण पुण्याच्या शांत खोलीत चार महिने गेले की माणूस विसरतो, आपल्या लोकांना ऐकायला कान लागत नाहीत.

माग चालू असतानाच गिरिजाबाईंनी बिरदेवच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरला. बाई सुताच्या कांड्या भरतात. उभा जन्म ह्या आवाजात गेला, ऐकू जवळजवळ येतच नाही. पण अख्खा कारखाना चहाडी करायची झाली तर त्यांच्याकडं पाठ करून करतो.

व्हिडिओत अमृतचा चेहरा पडदाभर होता. डोळे खेळात, ओठ हलत होते. बिरदेवनं एकदा वाचलं. मग परत लावून वाचलं.

टाकीमागं. एकलाच हाय. या.

अमृतच्या खांद्यामागं अंधुक बिरदेव दिसत होता, मोबाइलवर वाकलेला. तोवर खोकला नव्हता. खोकला नंतर आला.

"पर माइक माजाच चालू हुता की," त्याचे ओठ हलले. इतकं दिसूनही तो स्वतःचीच बाजू पाडत होता.

"तू बगितलास चालू? का त्यानं हातात घेऊन सांगितलं?" गिरिजाबाई बिनआवाज म्हणाल्या.

मागातला धोटा सूत घेऊन इकडून तिकडं पळत राहिला. चादर बोटबोट वाढत राहिली.

"गाडीपाशी तू काय बोल्लास, ते बी मी लांबनं वाचलेलं हाय. मी बी आलते तवा, भाचीला बसवाय." बाईंनी मोबाइल कनवटीला खोचला. धाकट्या भावाला कानडीत मारतात ती हाक मारून त्यांनी विचारलं, "तम्मा, घात त्यानं केला. मग माफी कुनी मागितली?"

बिरदेवनं तोंड उघडलं, तर खोकलाच आला. तो ओसरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यानं एक बोट उचललं आणि आपल्याच छातीवर टेकवलं.