पाच मिनिटांचा नंबर

ओटीपी पाच मिनिटं टिकतो. सहा आकडे असतात. आई ते दोन-दोनच्या जोड्या करून वाचायची आणि मुलगी फोनवर प्रत्येक जोडी परत म्हणायची, तरी जेमतेम दहा सेकंद लागत. उरलेल्या चार मिनिटं पन्नास सेकंदांत सर्दी, हॉस्टेलचा बिघडलेला गीझर, जेवलीस का आणि काय जेवलीस, एवढं सगळं बसायचं. प्रवेशाच्या वेळी अर्जावर आईचा नंबर पडला होता, म्हणून गेली दोन वर्षं मुलीला रोज सकाळी कॉलेजच्या वेबसाइटवरचं आपलं खातं उघडायचं म्हटलं की आधी आईला फोन करावा लागे.

आता दोघी कॉलेजच्या कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"नियम बदललाय," काचेपलीकडचे कारकून म्हणाले. "खातं विद्यार्थ्याचं, तर नंबरही त्याचाच. ओटीपी पाठवलाय तुमच्या फोनवर. हा कागद वाचा, खाली सही करा आणि आकडे मला सांगा. की तुमचा नंबर सुटला. अर्थात मुलीनं लेखी संमती दिली, तर तुमचाच ठेवता येतो."

"मग देते की संमती," मुलगी म्हणाली. "नाहीतर सकाळी हिला फोन करायला मला कारण काय?"

"कारण लागतं?" कारकून म्हणाले. "आमचे चिरंजीव डाग पडला की करतात. शाईचा कशानं जातो, तेलाचा कशानं जातो. कशी आहेस, हे आईला अजून विचारायचंय त्यांनी."

मुलगी हसली. आई कागद वाचत होती. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती. नव्या मशीनबरोबर आलेल्या सूचना वाचाव्यात तसं ती प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. पालकांनी प्राध्यापकांना परस्पर फोन करू नये. गुण आणि हजेरी विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय मागू नये. विद्यार्थ्याच्या खात्यात पालकांनी स्वतः शिरू नये.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"काय गं? शिरली होतीस की काय कधी?" मुलीनं गमतीत विचारलं.

"एकदा."

मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं.

"जेवणाची सुट्टी होती," आई म्हणाली. "तू वर्गात असशील असं वाटलं. ओटीपी माझ्याच फोनवर आला. माझा मीच वाचला."

"कधी?"

"अकरा आठवडे झाले."

मुलीनं मनातल्या मनात मागे मोजलं. अकरा आठवड्यांपूर्वी निकाल लागला होता. रसायनशास्त्रासमोर 'अनुत्तीर्ण' असं लाल अक्षरांत आलं होतं.

कारकुनांना अचानक खालच्या कप्प्यातलं काहीतरी शोधायची आठवण झाली.

"म्हणजे मी निकाल लागायचाय म्हणत होते तेव्हा..."

"हं."

"आणि तू म्हणायचीस, लागेल गं, घाई काय आहे."

"हं."

"बघायचं नव्हतंस तू, आई." मुलीचा आवाज बारीक झाला. "मला सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे. मग तू आकडे वाचायला लागलीस की वाटायचं, आज नको."

"माहितेय. आकडे वाचून झाले की तू एक श्वास घ्यायचीस. मी थांबायचे. मग तू गीझरचं काढायचीस."

मुलीनं खिडकीच्या कडेला ठेवलेलं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"आमच्याकडे रिपोर्ट पेशंटच्याच हातात देतात," आई म्हणाली. "त्यानं पाकीट उघडलं की आम्ही पाठ फिरवायची. एकदा एकीचा नवरा भांडायला उठला होता, तरी दिला नाही मी. आणि तुझं पाकीट मात्र फोडून बसले."

"बसलीस खरी."

"चुकलं माझं."

मुलीनं आईच्या खांद्यावरून घसरलेला पिशवीचा बंद नीट वर सरकवला.

"पक्क्या खोटारड्या आहोत आपण दोघी," ती म्हणाली.

कारकुनांनी डोकं वर काढलं. "ओटीपीची वेळ संपली, ताई. परत पाठवू, का संमतीचा कागद काढू?"

"संमतीचाच काढा," मुलगी म्हणाली. "आता हिच्यापासून लपवण्यासारखं राहिलंय काय?"

"राहील ना," आई म्हणाली. "राहायला हवं."

"आई, अगं, खरंच असू दे. मी रागावले नाहीये."

आईनं कागद भिंतीला टेकवून सही केली आणि काचेखालून आत सरकवला. कारकुनांनी एकदा मायलेकींकडे बघितलं आणि कळ दाबली. आईच्या हातातला फोन थरथरला. तिनं पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला. पडद्यावर सहा आकडे होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"चार मिनिटं झाली, ताई," कारकून म्हणाले.

"हो," आई म्हणाली, पण खिडकीकडे वळली नाही. ती मुलीकडे तोंड करून उभी राहिली.

"घे, ठमे. शेहेचाळीस."

"शेहेचाळीस," मुलगी सवयीनं म्हणाली.

"शून्य सात."

"शून्य..." मुलगी अडखळली. "शून्य सात."

"एकोणनव्वद."